गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन: मुंबई की जिल्ह्याचं ठिकाण, आणि पिशवीचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६२ वर्षांचे, शेती करतात, धोतर नेसतात. गुदद्वारापासून ५ सेंटिमीटरवर कॅन्सरची गाठ निघाली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन करावं की टाटाला न्यावं? आणि ‘पोटावर (मळ जमा करायची) पिशवी लावणार असतील तर ऑपरेशनच नको’ म्हणून ते अडून बसलेत.

पहिल्या भागाचं आधी उरकते. हॉस्पिटलच्या पाटीवर जाऊ नका, आत काय होतं ते विचारा. ओटीपोटाचा एमआरआय झाल्याशिवाय कुणी तारीख देत असेल तर उठून या. सर्जन, रेडिएशनवाले आणि केमोवाले एकत्र बसून फाइल बघतात का, हे सरळ विचारा. इतक्या खालच्या गाठीला बहुतेक वेळा आधी रेडिएशन लागतं. एकतर ५ दिवसांत २५ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), नाहीतर साडेपाच आठवड्यांत २८ वेळा मिळून ५०.४ ग्रे, सोबत कॅपसायटाबिन या केमोच्या गोळ्या. परळला टाटाला जाणार असाल तर नुसता बायोप्सीचा कागद नेऊ नका. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक पहिल्या लॅबमधून मागून घ्या, स्कॅनची सीडी घ्या. ते बायोप्सी स्वतः पुन्हा तपासतात, आणि ब्लॉक विसरला की गावी एक हेलपाटा पक्का.

आता पिशवी. खरं तर हे उत्तर लिहायला बसले ते यासाठीच. स्टोमा म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड. स्टोमा क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ‘पिशवी नको’ म्हणणारे पेशंट पिशवीला घाबरलेले नसतात. गळणाऱ्या पिशवीला घाबरलेले असतात. नात्यात, गावात कुणाची तरी गळताना पाहिलेली असते, वास घेतलेला असतो. आणि ती गळण्याचं मोठं कारण कंपनी नाही की पेशंटचा हलगर्जीपणा नाही. आतड्याचं तोंड पोटावर चुकीच्या जागी काढलेलं असतं.

आमच्याकडे आलेलं एक उदाहरण सांगते, कारण ते तुमच्या वडिलांसारखंच आहे. शेतकरी गृहस्थ, दुसरीकडे ऑपरेशन झालेलं, उजवीकडे तात्पुरती इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड. खाटेवर झोपले की सगळं ठीक, पोट सपाट, वेफर (पिशवीची कातडीला चिकटणारी चकती) चिकटून. उकिडवे बसले की बेंबीखाली आडवी घडी पडायची आणि स्टोमा नेमका त्या घडीत बुडायचा. वर धोतराची गाठही तिथेच. दुपारपर्यंत वेफरची खालची कड सुटायची. चार दिवस चालायचा तो वेफर रोज एक लागत होता. घरच्यांनी गळती थांबवायला वरून चिकटपट्ट्या मारल्या, म्हणजे पाणी आतच कोंडलं. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचक रस असतात, ते कातडी पचवतात. आठवडाभरात भोवतीची कातडी सोलल्यासारखी लालभडक झाली, आणि ओल्या कातडीवर वेफर चिकटेना म्हणून आणखी गळती.

त्यात दुसरी चूक वेफर कापण्याची. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो, तेव्हा मापाने ४५ मिलिमीटरचं भोक कापायला शिकवलं होतं. सहा ते आठ आठवड्यांत सूज उतरते. यांचा स्टोमा २८ मिलिमीटरवर आला होता, भोक मात्र ४५चंच कापलं जात होतं. भोक स्टोमापेक्षा फक्त २ ते ३ मिलिमीटर मोठं हवं. पहिले दोन महिने दर आठवड्याला मापपट्टी लावायची, अंदाजाने कापायचं नाही.

दुरुस्ती कशी झाली तेही सांगते, कारण उद्या तुम्हालाही लागेल. साध्या पाण्याने धुवायचं. डेटॉल नको, स्पिरिट नको, तेलकट साबण नको. कातडी टिपून कोरडी करायची, चोळायची नाही. ओल्या जागेवर स्टोमा पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची, वर बॅरियर फिल्म (कातडीवर संरक्षक थर देणारं द्रव) मारून वाळू द्यायची, आणि हेच पुन्हा एकदा. घडीत पेस्ट भरून जागा सपाट करायची. सपाट वेफरऐवजी मध्ये फुगीर असलेला, वर कमरेचा पट्टा. वेफर लावण्याआधी तळहातांत धरून कोमट करायचा आणि लावल्यावर दोन-तीन मिनिटं हात दाबून ठेवायचा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, जड झाली की तीच वेफरला ओढून काढते. कातडी भरून आली, पण उकिडवं बसणं त्यांना सोडावं लागलं. शेतकऱ्याला.

हे सगळं टाळायला काय लागलं असतं? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी २० मिनिटं आणि एक मार्कर. पेशंटला झोपवून डोकं उचलायला सांगायचं, पोटाचा उभा स्नायू ताठ होतो, त्याची कड हाताला लागते. खूण त्या स्नायूवरच, म्हणजे पुढे हर्नियाची शक्यता कमी. बेंबी, जुने व्रण, कमरेचं हाड यांच्यापासून लांब, भोवती पाचेक सेंटिमीटर सपाट जागा. मग बसवायचं, मांडी घालायला लावायची, उकिडवं बसवायचं, वाकवायचं, उभं करायचं, आणि दर वेळी घडी कुठे पडते ते बघायचं. खूण पेशंटला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे. ढेरीखाली गेली तर आयुष्यभर दुसऱ्याच्या हाती. खुणा दोन्ही बाजूंना करून ठेवायच्या, कारण तात्पुरती इलिओस्टॉमी बहुधा उजवीकडे आणि कायमची कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड, डावीकडे, आणि काय करावं लागेल हे कधी कधी पोट उघडल्यावरच ठरतं.

‘टेबलवर बघू’ म्हणणाऱ्या सर्जनशी माझं वर्षानुवर्षांचं भांडण आहे. टेबलवर भूल दिलेला, उताणा माणूस असतो. त्याच्या पोटाला घडीच पडत नाही, मग बघणार काय?

वडिलांना हेही सांगा की पिशवी कायमचीच असेल असं नाही. गुदद्वाराचा स्नायू गाठीपासून मोकळा असेल तर आतडं जोडता येतं, आणि तो जोड भरेपर्यंत तात्पुरतं तोंड काढतात. ते साधारण दोन-तीन महिन्यांनी, किंवा केमो संपल्यावर, बंद करतात. ५ सेंटिमीटरवर दोन्ही शक्य आहे. ते एमआरआय आणि सर्जनने बोट घालून केलेली तपासणी ठरवते, मी नाही. काहींची गाठ रेडिएशन-केमोने पूर्ण विरघळते आणि ऑपरेशन न करता कडक देखरेखीवर ठेवतात, पण त्यावर आत्तापासून आशा लावून तपासण्या लांबवू नका. आणि आतडं अचानक बंद पडलं तर हे मार्किंग वगैरे निवांत होत नाही, जीव आधी.

इलिओस्टॉमी झालीच तर पहिला महिना मोजपात्र जवळ ठेवा. दिवसाला लिटरच्या आत ठीक. दीड लिटरच्या वर गेलं तर नुसतं पाणी पाजत सुटू नका. साध्या पाण्याने आतड्यातून मीठ आणखी बाहेर जातं, माणूस सुकतो आणि मूत्रपिंडावर येतं. ओआरएस द्या, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, आणि त्याच दिवशी फोन करा. शेवगा, मका, ओलं खोबरं सुरुवातीला बंद, अडकतं. भात, केळं, साबुदाणा चालतो, मळ दाटतो. स्टोमा लाल, ओलसर असतो, पुसताना थोडं रक्त आलं तर घाबरू नका. जांभळा-काळा दिसला तर मात्र रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

मार्किंगला नेताना वडिलांना हॉस्पिटलचा पायजमा घालू देऊ नका. रोजचं धोतर, रोजच्या जागी गाठ मारून न्या, आणि सिस्टरसमोर जमिनीवर उकिडवं बसायला सांगा. खुणेवर पारदर्शक पट्टी मारून घ्या, नाहीतर सकाळच्या अंघोळीत खूण पुसली जाते.