रेडीमेड आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं विमान खोक्यातून काढून थेट उडवावं, की आधी कुठे कुठे मजबूत करून घ्यावं?

आधी मजबूत करा. यात दुसरं मत असूच कसं शकतं, हे मला आजही कळत नाही.

आमच्या मैदानावर एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांचं ठाम मत, की कंपनीने हिशोब करूनच बनवलंय, आपण हात घालू नये, इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा डिंक) वाढलं की वजन वाढतं. त्यांचं ऐकून कॉलेजातल्या एका मुलाने ४० साइझच्या (०.४० घनइंची) इंजिनाचं एआरएफ, म्हणजे जवळजवळ तयार मिळणारं ट्रेनर जसंच्या तसं जोडलं. पैसे साठवून घेतलं होतं त्याने. लँडिंगही वाईट नव्हतं, जरा वेगात टेकलं इतकंच. चाक मुरमातल्या खळग्यात अडकलं आणि लँडिंग गिअरची पट्टी बुडाच्या बाल्सासकट (विमानाचं हलकं लाकूड) उपटून आली. नाकावर घसरताना फायरवॉल, म्हणजे इंजिन बसवायची लाकडी फळीही सुटली, इंजिन थ्रॉटलच्या तारेला लोंबकळत राहिलं. ती फायरवॉल मी हातात घेऊन पाहिली. कडेला डिंकाचे चार ठिपके, बाकी लाकूड कोरडं ठणठणीत. दादा म्हणाले, "पोराचं लँडिंग चुकलं." अहो, ही विमानं कापलेल्या गवतासाठी किंवा डांबरी धावपट्टीसाठी बनतात. आपल्या माळावर ढेकळं असतात!

मग त्या मुलाला घरी बोलावलं. जुना डिंक खरवडला, फायरवॉलच्या आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या बसवल्या, लँडिंग गिअरच्या पट्टीवर आतून प्लायचा तुकडा दोन्ही बाजूंच्या भिंतींपर्यंत नेला. इपॉक्सी अर्ध्या तासाचं घ्या. पाच मिनिटांचं लाकडात मुरायच्या आतच घट्ट होतं. त्याचाच पातळ हात इंजिनामागच्या लाकडावरही फिरवला, म्हणजे इंधन झिरपत नाही. वाढलेलं वजन वीस-पंचवीस ग्रॅम, विमान अडीच किलोचं. दादांनी हा हिशोब एकदा करून पाहावा. ते विमान त्याच माळावर अजून उतरतंय.

बाकीचं तुम्हाला ठाऊक असेलच. प्रत्येक हिंज (बिजागरी) ओढून बघा. स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) चिकटतो तिथलं कव्हरिंग, म्हणजे वरचं प्लास्टिकचं आवरण काढा, पण ब्लेडने नको, खालचा बाल्सा चिरला की तो हवेतच मोडतो. सोल्डरिंगच्या गरम टोकाने कापा. सर्व्होचा (सुकाणू हलवणारी छोटी मोटर) स्क्रू एकदा फिरवून काढा, भोकात पातळ सीएचा (झटपट चिकटणारा डिंक) थेंब सोडा आणि सुकल्यावरच परत बसवा.

वजनाचा मुद्दा शेपटीच्या बाबतीत मात्र खरा आहे. तिथे एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं, तेव्हा मागे हात आखडताच ठेवा. पंखाचे नायलॉनचे बोल्ट काढून स्टीलचे लावू नका. आपटल्यावर नायलॉनचे तुटतात म्हणून पंख वाचतो. आणि हे सगळं बाल्साच्या विमानाचं झालं. तुमचं थर्माकोलचं असेल तर साधा सीए लावू नका, थर्माकोल विरघळतो. तिथेही इपॉक्सीच वापरा.