डर्ट बाइकची उघडलेली बॅटरी, अडकवून ठेवलेली गाडी आणि ‘हात लावलेला नाही’ वाला मेसेज

मावळातल्या एका वाचकांचा भला मोठा मेसेज आलाय, सोबत फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट आणि एक व्हॉइस नोट ज्यात अर्धा वेळ पावसाचाच आवाज आहे. प्रकरण थोडक्यात असं. यांनी फेब्रुवारीत ऑनलाइन जाहिरात बघून पिंपरीच्या एका माणसाकडून सेकंडहँड इलेक्ट्रिक डर्ट बाइक घेतली, इम्पोर्टेड, ६० व्होल्टची, १ लाख ६५ हजाराला. विकणाऱ्यानं सांगितलं बॅटरी ९० टक्के हेल्थ आहे आणि इलेक्ट्रिक असल्यामुळे नंबर प्लेट वगैरे काही लागत नाही. जूनपासून चढावर गाडी झटकन बंद पडायला लागली, डिस्प्लेवर चार्ज ४० टक्के दिसत असताना. मग ई-स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजमध्ये दिली, त्यानं पॅक उघडून काही सेल आणि बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) बदलला, आणि टेस्ट करताना कंट्रोलर (मोटरला करंट देणारं सर्किट) जळला. आता तो ३८ हजार मागतोय, दिल्याशिवाय गाडी देत नाही, वर म्हणतोय की पॅक आधीच कुणीतरी उघडलेला होता. इम्पोर्टरनं सील तुटलंय म्हणून वॉरंटीला हात वर केले. वाचक विचारतायत, विकणाऱ्यावर ४२० लावता येईल का, गॅरेजवाल्याकडून गाडी कशी सोडवायची, आणि आता ही दुरुस्त कुठं करायची.

तर बघा, सगळ्यात आधी एक काम, बाकी सल्ला नंतर वाचा. गॅरेजवाल्याला आत्ता, आजच, एक मेसेज टाका की काढलेले जुने सेल, जुना बीएमएस आणि जळलेला कंट्रोलर यातलं काहीही फेकायचं नाही, भंगारात द्यायचं नाही, सगळं गाडीसोबत मला परत पाहिजे. गोड भाषेत लिहा पण लिहा. फोनवर बोलू नका. तुमची अख्खी केस त्या पिशवीभर सेलमध्ये आहे आणि अशा दुकानात जुने सेल आठवडाभरात कुणाच्या तरी पॉवर बँकेत जाऊन बसतात.

का ते सांगतो. १६ सिरीजचा पॅक म्हणजे सेलचे १६ ग्रुप एकामागोमाग जोडलेले, फुल चार्जला ६७ व्होल्टच्या आसपास. त्यातला एक ग्रुप जरी कमजोर झाला तरी लोड आला की त्याचं व्होल्टेज आधी खाली बसतं आणि बीएमएस सगळा पॅक कट करतो, मग बाकीच्या १५ ग्रुपमध्ये कितीही जीव असू दे. तुमची चढावरची लक्षणं तंतोतंत हीच आहेत. आता ग्रुप कमजोर कशानं झाला? पाणी गेल्यानं, की आधी कुणी हलक्या दर्जाचे सेल घातले होते म्हणून, की तुम्ही प्रेशर वॉशरनं गाडी धुता म्हणून (हो, ते पण तुम्हीच लिहिलंय, आणि समोरचा वकील ते पहिल्या दिवशी काढणार)? हे जुन्या सेलवरचे डेट कोड, वेल्डिंगच्या खुणा आणि गंज बघून जाणकार माणूस बऱ्यापैकी सांगू शकतो. सेलच नसतील तर नुसतं तुमचं म्हणणं विरुद्ध त्याचं म्हणणं.

विकणाऱ्याचं बघू. तो डीलर नाही, घरची गाडी विकली, त्यामुळे ग्राहक आयोगात त्याच्याविरुद्ध जाता येणार नाही, तिथं व्यापारी किंवा सेवा देणारा लागतो. माल विक्री कायदा १९३० चं कलम १६ पण तुमच्या कामाचं नाही, माल चांगल्या दर्जाचा असण्याची अट ती त्याच मालाचा धंदा करणाऱ्याला लागते. घरगुती विक्रीत नियम जुनाच, घेणाऱ्यानं बघून घ्यावं. मग उरतो करार कायदा १८७२, कलम १७ ते १९, फसवणूक आणि चुकीची माहिती.

इथं तुमचा तो स्क्रीनशॉट कामाला येतो. ९० टक्के हेल्थ वगैरे सोडा, त्याला तो म्हणेल माझा अंदाज होता. पण तुम्ही विचारलंय ‘बॅटरी खोलली होती का कधी’ आणि त्यानं उत्तर दिलंय ‘नाही भाऊ, हात लावलेला नाही’. हे वाक्य सोनं आहे. नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक होत नाही, पण थेट प्रश्नाला माहीत असून खोटं उत्तर देणं ही होते.

आता वाईट बातमी. तुम्ही कौतुकानं पाठवलेला गाडी घरी आणली त्या दिवशीचा फोटो मी झूम करून बघितला. बॅटरीच्या झाकणाचा एक बोल्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे आणि कडेनं पांढरं सिलिकॉन बाहेर आलंय. म्हणजे पॅक तुमच्याकडे यायच्या आधी उघडलेला होता हे त्या फोटोवरून मांडता येतं, पण विकणारा पण म्हणणार की बघा, दिसत होतं, तरी घेतली. कलम १९ मध्ये तशी पळवाट आहेच, साध्या काळजीनं खरं कळलं असतं तर करार रद्द होत नाही. मात्र ती पळवाट चुकीच्या माहितीसाठी आणि गप्प राहून केलेल्या फसवणुकीसाठी आहे, तोंडावर खोटं बोलणाऱ्यासाठी नाही. म्हणून सगळा मुद्दा येऊन थांबतो इथं की त्याला माहीत होतं का. तो स्वतः दुसरा मालक असेल आणि पहिल्यानं पॅक उघडला असेल तर त्याला खरंच माहीत नसेल. त्याला भांडण न करता विचारा, गाडी कुणाकडून घेतली, बिल आहे का, इम्पोर्टचे कागद आहेत का. उत्तर चॅटवरच येऊ द्या. तो चॅट असलेला फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, कारण कोर्टात व्हॉट्सॲप दाखवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं आणि मूळ फोन हातात असला की डोकेदुखी कमी.

४२० चं म्हणाल तर १ जुलै २०२४ नंतरच्या व्यवहाराला ती भारतीय न्याय संहिता, कलम ३१८. लागू शकतं का, कागदावर हो. पण पोलीस स्टेशनला तुम्ही बॅटरीचा ग्रुप आणि बीएमएस सांगायला लागलात की ठाणे अंमलदार साहेब पंधरा सेकंदात म्हणणार हे दिवाणी आहे, आणि खरं सांगायचं तर बरेचदा ते बरोबर असतात. सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. शिवाय पोलिसांचा पहिला प्रश्न असेल गाडीचा नंबर काय. त्यावर येतोच.

माझं मत, विकणाऱ्याला आधी वकिलाची नोटीस, मग तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज, तिथं फी नाही आणि समोरासमोर बसवतात. सगळे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका, पॅकच्या खर्चाचा काही वाटा घेऊन मिटलं तर मिटवा. नाही मिटलं तर दिवाणी दावा आहेच, फसवणूक कळल्यापासून ३ वर्षं.

गॅरेजवाल्याची गोष्ट वेगळी आणि तिथं तुमची बाजू जास्त भक्कम आहे, पूर्ण नाही पण जास्त. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे कायद्याच्या भाषेत निक्षेप. करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे त्यानं शहाण्या माणसासारखी काळजी घ्यायची असते आणि वस्तू त्याच्या ताब्यात असताना बिघडली तर काळजी घेतली होती हे त्याला समजावून सांगावं लागतं. कंट्रोलर त्याच्या टेबलावर जळलाय. जुन्या ग्रुपसोबत दोनच ग्रुप नवे घातले, क्षमता जुळवली नाही, बीएमएस दुसऱ्याच कंपनीचा, त्याची करंट लिमिट कंट्रोलरशी जुळते का ते बघितलं का, हे सगळे प्रश्न त्याला विचारण्यासारखे आहेत.

पण त्याचंही ऐकायला पाहिजे. तुम्हीच लिहिलंय की तो आधी म्हणाला होता नवीन पॅक टाका, आणि तुम्ही ९० हजार ऐकून म्हणालात नको बाबा, जमतंय तेवढं कर. मग आता पूर्ण जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही, आयोग पण तसं बघणार नाही.

गाडी अडकवून ठेवायचा हक्क त्याला आहे का, तर आहे, कलम १७०, पण तो फक्त त्या गाडीवर केलेल्या कामाच्या योग्य मोबदल्यापुरता. रोजचे १०० रुपये पार्किंग म्हणून जे त्यानं बिलात लावलंय ते त्यात बसत नाही, आधी ठरलं असतं तर गोष्ट वेगळी. आणि विकून पैसे वसूल करीन ही धमकी तर अजिबात नाही. तुमच्याकडे त्याच्या हातची चिठ्ठी आहे, ‘अंदाजे १८ ते २०’, त्यातले १० हजार तुम्ही यूपीआयनं दिलेत. उरलेले १० हजार त्याच यूपीआयवर टाका आणि लगेच मेसेज करा की ही रक्कम हक्क राखून, निषेध नोंदवून देतोय, बाकीचं बिल मान्य नाही, गाडी आणि जुने पार्ट द्या. काही लोकांना हे पटत नाही, चोराला अजून पैसे कशाला म्हणतात. अहो, पण गाडी महिनोन् महिने पत्र्याच्या शेडमध्ये पावसात उभी राहिली तर फोर्कचे सील, बेअरिंग, चेन सगळं जाणार, आणि लिथियम पॅक रिकामा पडून राहिला की अजून मरतो. १० हजारात पुरावा हातात येतोय, स्वस्त आहे.

तरी नाहीच दिली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार, सेवेतली त्रुटी म्हणून. ५ लाखापर्यंतच्या मोबदल्याला फी शून्य, ऑनलाइन ई-जागृतीवर भरता येते, मुदत २ वर्षं, आणि गाडी सोडवण्यासाठी कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागता येतो. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करून बघा, कधी कधी तेवढ्यानंच माणूस नरमतो.

आता ती शेवटची ओळ, जी तुम्ही हळूच घातलीय. ‘कृषी पर्यटनाला आलेल्या पाहुण्यांना राइड देतो, २०० रुपये.’ दादा, हे आधी सांगायचं ना. ग्राहकाच्या व्याख्येतून व्यावसायिक वापर वगळलेला आहे. स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी वापर असेल तर सूट आहे, पण तुमची नोकरी चाकणला आणि पर्यटन शनिवार-रविवारचं, त्यामुळे ती सूट ताणूनच लागेल. पाहुण्यांच्या राइड किती झाल्या, मुख्य वापर तुमचा स्वतःचा होता का, हे खरं खरं लिहून काढा. तक्रारीत लपवू नका, तुमच्याच पेजवर राइडचे व्हिडिओ असणार.

आणि नंबर प्लेट. विकणाऱ्यानं अर्धं खरं सांगितलं. केंद्रीय मोटार वाहन नियमात सूट आहे ती २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या बॅटरी गाडीला, ती पण टेस्टिंग एजन्सीनं तपासून मान्य केलेली असेल तर. तुमची गाडी कमाल ५ किलोवॅट मारते. ही गाडी ‘रस्त्यासाठी बनवलेली’ नाहीच म्हणून मोटार वाहनच नाही, असा युक्तिवाद करणारे भेटतात, पण कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतल्या ‘अडॅप्टेड’ या शब्दाचा अर्थ सुप्रीम कोर्टानं बोलानी ओअर्सच्या खटल्यात, जो डंपर, रॉकर आणि ट्रॅक्टरचा होता, ‘योग्य’ असा लावलाय, तेव्हा त्या भरवशावर घराबाहेर पडू नका. रस्त्यावर विनानोंदणी सापडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्यांदा २ ते ५ हजार दंड, विमा नाही त्याचं कलम १९६ वेगळं, आणि गाडी जप्त होऊ शकते. हवालदारांनी एकदा अडवून नुसतं झापून सोडलं असं लिहिलंय तुम्ही, ते नशीब समजा. नोंदणी करून घेऊ म्हणाल तर टाइप ॲप्रूव्हल (त्या मॉडेलला तपासून दिलेली मंजुरी) नसलेली गाडी आरटीओ घेणार नाही. गंमत म्हणजे गाड्या पास करणारी एआरएआय पुण्यात ज्या टेकडीवर बसलीय त्याच टेकडीवर पोरं असल्या गाड्या उडवायला जातात. राखीव वनात गाडी घातली तर वनखात्याचा गुन्हा अजून वेगळा, मावळात तर शेताच्या बांधापलीकडे कुठं वन सुरू होतं ते सातबारा बघितल्याशिवाय कळत नाही.

दंडापेक्षा मला भीती पाहुण्यांची आहे. विमा नसलेल्या गाडीवरून उद्या कुणाचं पोरगं पडलं तर भरपाई तुमच्या खिशातून, आणि पैसे घेऊन लोकांना आत सोडता म्हणजे ते शेत ‘सार्वजनिक जागा’ नाही असं म्हणणंही अवघड होत जातं. राइड बंद. गाडी इकडून तिकडे न्यायची तर पिकअपमध्ये टाकून.

दुरुस्तीचं विचारलंत ते आता. गाडी ताब्यात आली की तो पॅक चार्ज करू नका, एकदाही नाही, घरात ठेवू नका, जिन्याखाली तर नाहीच. गोठ्यापासून आणि गवताच्या गंजीपासून लांब, कोरड्या जागी, फरशीवर. दोन साक्षीदारांसमोर फोटो-व्हिडिओ काढून सील करा. मग विकणारा आणि गॅरेजवाला दोघांना तारीख कळवून तिसऱ्या जाणकाराकडून तपासणी करून लेखी रिपोर्ट घ्या, ते आले नाहीत तरी बोलावलं होतं हे रेकॉर्डवर राहतं. बीएमएसला ब्लूटूथ ॲप असेल तर जुन्या बीएमएसचा सायकल काउंट निघतोय का बघा. एवढं झालं की निकालाची वाट बघत बसू नका, नवीन पॅक, जुळणारा कंट्रोलर बसवून घ्या, पक्कं बिल घ्या. करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये नुकसान मोजताना तुम्ही ते कमी करायला काय करू शकत होतात तेही बघतात. ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट, फोर्क सील हे तुमच्या वापराचं, ते बिल वेगळं ठेवा, नुकसानीत मिसळलं की खरा आकडा पण खोटा वाटायला लागतो. आणि प्रेशर वॉशर आता पुरे, ओल्या फडक्यानं पुसा.

जुना पॅक केस संपेपर्यंत सांभाळा, नंतर बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे द्या आणि पावती घ्या. गॅरेजवाल्यानं जर जुने सेल आधीच विकले असतील तर भांडू नका, फक्त ‘सेल कधी आणि कुणाला दिले’ एवढं विचारा आणि त्याचं उत्तर मला पाठवा, नोटीस त्यावरून बनवू.