चुलीपाशी : तव्याला चिकटणारी मासोळी

प्रश्न : धानकापणीवरून घरी यायला सात वाजतात. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातली मरळ मिळते, पण तळताना तव्यालाच चिकटून तुटते. सोबत भाजीही हवी. अर्ध्या तासात कसं जमवू? (एक वाचक, जि. भंडारा)

उत्तर : ताई, मरळ घेता हे उत्तमच. मांस पांढरं, घट्ट, आणि रोहूसारखे बारीक काटे नाहीत, लेकरंही निर्धास्त खातात. चिकटते ती ओलाव्यानं. बोटभर जाडीच्या तुकड्यांना मीठ-हळद लावून दहा मिनिटं ठेवा. तेवढ्यात पोपटाच्या (वालाच्या) शेंगा सोला, कांदा उभा चिरा. मिठानं सुटलेलं पाणी जुन्या सुती फडक्यानं अगदी कोरडं टिपा. माझी आई धुतलेल्या लुगड्याचा तुकडा यासाठीच राखून ठेवायची. मग तिखट आणि तांदळाच्या पिठाचा पातळ हात फिरवा.

लोखंडी तवा आधी सणसणीत तापवा, मग तेल. तुकडा ठेवला की चार मिनिटं हात लावू नका! इथंच सगळ्यांची घाई होते. कडा पांढरी होऊन वर चढते, खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपणच तवा सोडतो. उलटून तीन मिनिटं.

मासे काढून त्याच तेलात लसूण, कांदा, पोपटाचे दाणे, मीठ. पाण्याचा हबका मारून झाकण. दाणे मऊ झाले की टमाटर, वरून भरपूर सांभार (कोथिंबीर). भात मात्र मासे टिपण्याआधीच चुलीवर चढवा.