मराठवाड्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सरकारी तपासणी मागे का पडते आणि पुढे काय करावे?

तिशीपुढील स्त्रियांसाठी ही तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयोगटातील दोन टक्क्यांहूनही कमी स्त्रियांनी ती कधी करून घेतल्याचे आढळले. दुःख याचे, की मार्ग आपल्याच धाराशिव जिल्ह्याने दाखवला होता : तेथील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कार्यक्रमाचा भर मात्र गर्भाशयमुखाला अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्यावरच राहिला. एचपीव्हीचा नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो, त्यामुळे संकोचाची अडचण बरीच कमी होते. बीडच्या ऊसतोड स्त्रिया दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, म्हणून त्यांची तपासणी आणि गरज पडल्यास पुढचा उपचारही त्याआधीच, आशाताईंच्या मदतीने, तालुक्यातच पूर्ण झाला पाहिजे.