दोन दिवसांत कन्याकुमारी नको

प्रश्न : आम्ही पुण्यात धनकवडीला राहतो. यंदा स्वतःच्या गाडीने कन्याकुमारीला जायचं घाटतंय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेचार वर्षांचा, सोबत सासूबाई (वय 68). ह्यांचं म्हणणं असं, की अंतर साधारण 1,500 किलोमीटर आहे. पहाटे तीनला निघालं की मुलं झोपेत राहतील आणि दुसऱ्या दिवशी रात्री आपण पोचू. रजा 13 दिवसांची मिळेल, दिवाळीत किंवा नाताळात. मुलाला गाडी लागते, खंबाटकी घाट चढला की उलटी ठरलेलीच. मीही गाडी चालवते, पण फक्त गावात. मुलांना मोबाइल द्यावा का, सामान किती घ्यावं, आणि मुळात हे जमेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, जमेल. पण दोन दिवसांत नाही, आणि पहाटे तीनला तर नक्कीच नाही.

मी 31 वर्षं एसटीत चालक होतो, त्यातली बरीच रातराणीवर काढली. पहाटे तीन ते पाच या वेळेशी माझी चांगली ओळख आहे. त्या वेळी डोळा मिटल्याचं माणसाला कळत नाही, उघडल्यावर कळतं. मी आदल्या दिवशी दुपारी झोप काढून ड्यूटीवर जायचो, तरी खिडकीतून तोंड बाहेर काढून गार वारा घ्यावा लागायचा. तुमचे यजमान आदल्या दिवशी ऑफिस करून, रात्री अकरापर्यंत बॅगा भरून तीनला स्टेअरिंगवर बसणार. मुलं मागे झोपली की तेच वातावरण पुढच्यालाही गुंगी आणतं. सहा वाजता, चहा पिऊन, उजाडताना निघा. संध्याकाळी पाचला गाडी मुक्कामाला लागली पाहिजे. एवढं एक ऐकलंत तरी पुढचं सगळं सोपं होईल.

आता दिवाळी की नाताळ. नाताळ. आपल्याकडे दिवाळीत आभाळ मोकळं असतं म्हणून आपण फसतो. तमिळनाडूचा मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि नोव्हेंबरात ऐन भरात असतो. डिसेंबर संपता संपता तो ओसरतो, तरी एखादी सर गृहीत धरा. शाळा तीन-चार दिवस बुडेल; बाईंना आधी सांगून ठेवा. वर्षअखेरीला कन्याकुमारीला सहलींची गर्दी असते, शबरीमलैचे यात्रेकरूही तिथे येतात. म्हणून तिथली खोली सगळ्यात आधी ठरवा.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि दोन नातवंडं याच रस्त्याने गेलो. तेव्हाचाच आराखडा तुमच्या 13 दिवसांत बसवून देतो.

पहिला मुक्काम बेळगाव, साधारण 340 किलोमीटर. पुणे ते कोल्हापूर आणि पुढे रुंदीकरणाची कामं चालू आहेत, गाडी सारखी सर्व्हिस रोडवर उतरवतात, त्यामुळे हा दिवस वाटतो त्यापेक्षा लांबतो. बेळगावात मराठी बोलूनच जेवण मिळतं, सासूबाईंना परकं वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी चित्रदुर्ग, 300 किलोमीटर. वाटेत कित्तूरचा किल्ला हमरस्त्याच्या जवळ आहे. राणी चेन्नम्मा 1824 मध्ये इंग्रजांशी लढली ती इथे. मुलांना तासभर पळू द्या. दावणगेऱ्याला दुपारी बेण्णे डोसा, म्हणजे लोण्याचा डोसा, खा; तिखट न खाणारी मुलंही तो संपवतात.

चित्रदुर्गला सकाळचे दोन तास राखून ठेवाच. प्रचंड गोल शिळांमधून बांधलेला हा किल्ला मुलांना खेळायला केल्यासारखा आहे. तिथे एक अरुंद फट दाखवतात. हैदरअलीचे सैनिक त्या फटीतून एकेक करून आत येत होते आणि पहारेकऱ्याची बायको ओबव्वा प्रत्येकाच्या डोक्यात मुसळ घालत होती, अशी गोष्ट सांगतात. माझी नात त्या फटीतून अकरा वेळा आत-बाहेर झाली. पुढे तीन दिवस ती गाडीत ओबव्वाच होती आणि थर्मास तिचं मुसळ. सासूबाईंना मात्र चढ झेपणार नाही. त्या पहिल्या दरवाजापाशी सावलीत बसतील, त्यांच्याजवळ पाणी आणि एक मोठं माणूस ठेवा.

तिसरा मुक्काम होसूर. तुमकूरच्या अलीकडे-पलीकडे ताटाएवढी तट्टे इडली मिळते, क्यातसंद्राची प्रसिद्ध आहे. बंगळूर शहरात शिरू नका, तुमकूर रस्त्यावरूनच नाइस रोड धरा. तो थेट होसूर रस्त्याला आणून सोडतो. होसूरनंतर धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूर घाट येतो. सेलमकडे जाताना तो लांबलचक उतार आहे आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. इथे यजमानांना माझं नाव घेऊन सांगा : गाडी न्यूट्रल करायची नाही, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. गिअर खालचा टाका, इंजिनच गाडी धरून ठेवतं. पुढे मालट्रक असेल तर त्याच्या मागेच राहा.

सेलमहून बहुतेक जण सरळ मदुरै गाठतात. तुम्ही त्रिचीवरून तंजावरला वळा. होसूरहून तो दिवस 350 किलोमीटरचा होतो, पण दुसऱ्या दिवशी मदुरैला जायला 190 च उरतात. तंजावरला जा असं मी हक्काने सांगतो. शिवरायांचे धाकटे भाऊ व्यंकोजीराजे यांनी तिथे राज्य स्थापलं. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवलाय, 1803 सालचा, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातला. घरापासून एवढ्या लांब, चारही बाजूंना तमिळ पाट्या, आणि भिंतीवर आपली भाषा. नातू बोट फिरवत अक्षरं लावत होता आणि माझे डोळे भरून आले. जवळच सरस्वती महाल ग्रंथालय आहे, तिथेही मोडीतली आणि मराठीतली हस्तलिखितं आहेत.

एक ध्यानात ठेवा, तिकडची मोठी देवळं दुपारी साडेबाराच्या सुमाराला बंद होतात आणि चारला उघडतात. आम्ही तंजावरला पाऊण वाजता पोचलो आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी पोरांना परत आणलं. मदुरैचं मीनाक्षी मंदिरही सकाळीच करा आणि मग 245 किलोमीटर खाली उतरा. तिरुनेलवेली सोडली की पवनचक्क्या सुरू होतात. तिथे वारा जोराचा असतो, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा. सहाव्या दिवशी संध्याकाळी तुम्ही समुद्रापाशी असाल.

सातवा दिवस पूर्ण तिथेच. खडकावरचं विवेकानंद स्मारक 1970 मध्ये उभं राहिलं ते एकनाथजी रानडे यांच्या खटपटीने, अमरावती जिल्ह्यातला माणूस. मुलांना हे जरूर सांगा. शेजारचा तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवरांचा पुतळा 133 फूट उंच आहे, कारण त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथाचे अध्याय 133. दोन्ही खडकांना जोडणारा काचेचा पूल 2024 च्या अखेरीला झाला, आम्ही गेलो तेव्हा तो नव्हता. समुद्र खवळला तर बोट बंद ठेवतात, म्हणून सकाळची पहिली फेरी गाठा.

परतीला पाच दिवस : दिंडीगूल, कृष्णगिरी, चित्रदुर्ग, बेळगाव, पुणे. तेरावा दिवस घरी, कपडे धुवायला आणि झोपायला.

मुलाच्या उलटीबद्दल. निघताना दूध देऊ नका. कोरडी पोळी, खाकरा किंवा थोडे पोहे द्या आणि पोट अगदी रिकामंही ठेवू नका. घाटाच्या आधी मोबाइल, पुस्तक, चित्रकला सगळं बंद. नजर समोर लांब रस्त्यावर. काच दोन बोटं उघडी. औषध द्यायचं तर बालरोगतज्ज्ञांना विचारून, आणि एकदा घरी सुट्टीच्या दिवशी देऊन बघा, काही मुलांना फार झोप येते. आमच्या नातवाला निपाणीजवळ तवंदी घाटात उलटी झाली. त्याचे कपडे डिकीत सगळ्यात खालच्या बॅगेत. बाजूने ट्रक जाताहेत आणि आम्ही रस्त्याकडेला सामान काढतोय, ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. म्हणून एक कपड्यांचा जोड, कागदी पिशव्या, जुना पंचा आणि पाण्याची बाटली मागच्या सीटवर हाताशी ठेवा. आणि थांबायचं ते पेट्रोल पंपावर किंवा धाब्याच्या आवारात, हमरस्त्याच्या कडेला नाही. दर दोन तासांनी थांबाच, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठीसुद्धा. तेव्हाच चालकही बदला. तुम्ही निघण्याआधी तीन रविवार पुणे–सातारा–पुणे स्वतः चालवा. हमरस्ता गावातल्या गर्दीपेक्षा सोपा जाईल, फक्त वेगाची सवय व्हायला हवी.

सामान माणशी एक बॅग. त्याशिवाय एक ‘मुक्कामाची बॅग’ : सगळ्यांचे रात्रीचे आणि उद्याचे कपडे, ब्रश, औषधं. एका रात्रीच्या मुक्कामाला तेवढीच वर न्यायची. टायर पाच वर्षांहून जुने असतील तर बदलून घ्या, स्टेपनीतली हवा बघा. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर 1033 वर फोन करा.

मोबाइल दुपारी अर्धा तास द्या, सरळ रस्त्यावर. बाकी वेळ मुलीच्या हातात वही द्या आणि पुढच्या गाड्यांचे नंबर लिहायला सांगा. एमएच-11 सातारा, एमएच-50 कऱ्हाड, एमएच-09 कोल्हापूर, केए-22 बेळगाव, केए-25 धारवाड, केए-16 चित्रदुर्ग, टीएन-49 तंजावर. आमच्या नातीच्या वहीतली शेवटची ओळ टीएन-74, नागरकोविल. ती वही अजून तिच्या दप्तरात असते.

प्रश्न : आमचा मुलगा 14 महिन्यांचा आहे. नाशिकहून कोल्हापूरला जायचंय. तो फक्त आईच्या मांडीवर शांत बसतो, म्हणून तिला पुढच्या सीटवर बसवून नेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, दादा. हात जोडून सांगतो. करकचून ब्रेक लागल्यावर दांडी धरून उभा असलेला धडधाकट माणूस माझ्या केबिनपर्यंत येऊन आदळलेला मी पाहिलाय. दहा किलोचं बाळ त्या क्षणी कुणाच्याही हातात राहत नाही, आईच्याही नाही. एअरबॅग उघडली तर ती सरळ त्याच्यावर येते. मागच्या सीटवर लहान मुलांची सीट बसवा, तोंड मागच्या दिशेला करून, आणि आईने शेजारी बसावं. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर 1,000 रुपये दंड आहे, पण मी त्यासाठी सांगत नाही. पहिले काही दिवस तो रडेल. सीट आधी घरात आणून ठेवा, त्यात बसवून भात भरवा, मग गल्लीत एक फेरी, मग पंचवटीपर्यंत. आमच्या धाकट्या नातीला आठ दिवस लागले.