दोन प्रादेशिक विमानतळांची तुलना करताना मूव्हमेंट्स बघाव्यात की प्रवासी?

तुम्ही विचारलंय की एका विमानतळाच्या वर्षभरातल्या मूव्हमेंट्स दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट आहेत, प्रवासी मात्र निम्मेच, मग मोठा कुठला म्हणायचा? माझं काम रोज याच आकड्यांशी असतं, म्हणून थेट सांगतो: पहिल्या विमानतळावर फ्लाइंग स्कूल आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा कोडं तिथंच सुटतं.

मूव्हमेंट म्हणजे एक लँडिंग किंवा एक टेकऑफ. विमान आलं आणि गेलं की दोन झाल्या. शिकाऊ वैमानिक ‘टच-अँड-गो’ करतो, म्हणजे धावपट्टीला चाकं टेकवून न थांबता पुन्हा वर जातो, तेव्हा अमेरिकेचं एफएए, म्हणजे तिथलं नागरी विमान वाहतूक नियामक प्रशासन, तेही दोनच धरतं. दुपारभर दहा चकरा मारल्या की एका छोट्याशा विमानाने वीसची भर घातली, आणि प्रवासी शून्य. ॲरिझोनातल्या फिनिक्स डीअर व्हॅलीवर अशा उड्डाणांमुळे वर्षाला चार लाखांच्या आसपास मूव्हमेंट्स होतात. लंडनच्या हीथ्रोवर वर्षाची मर्यादाच ४,८०,००० आहे! म्हणून एकूण मूव्हमेंट्स बाजूला ठेवा आणि फक्त व्यावसायिक, त्यातही शेड्यूल्ड, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाने होणाऱ्या, उड्डाणांचा आकडा मिळवा. तो वेगळा दिलेला नसेल तर एकूण आकड्यावर तुलना करूच नका.

मग साधा भागाकार करा. समजा वर्षाला ४,००,००० प्रवासी आणि ८,००० व्यावसायिक मूव्हमेंट्स आहेत, तर एका मूव्हमेंटमागे ५० प्रवासी आले. तिथे ७२ आसनांची एटीआर ७२ येत असेल तर विमानं साधारण ७० टक्के भरतात, ठीक चाललंय. तेच १८० आसनांचं एअरबस ए३२० असेल तर २८ टक्केसुद्धा भरत नाही, आणि असा मार्ग कुठलीच कंपनी स्वतःच्या खिशातून फार दिवस चालवत नाही. कुणीतरी अनुदान देतंय, नाहीतर आकड्यात घोळ आहे. मला विचाराल तर या एका भागाकारातून जेवढं कळतं तेवढं वाढीच्या टक्केवारीतून कधीच कळत नाही.

प्रवाशांच्या आकड्यातही एक मेख आहे. एफएए विमानतळांची वर्गवारी फक्त विमानात चढणाऱ्यांवरून करतं. एसीआय ही विमानतळांची जागतिक संघटना चढणारे आणि उतरणारे दोन्ही धरते. दोन स्रोतांतून एकेक विमानतळ उचललात तर निम्मा-दुप्पट फरक नुसत्या मोजणीतूनच निघेल. कालावधीही जुळवून घ्या. भारतात एप्रिल ते मार्च असं आर्थिक वर्ष वापरतात, इतरत्र बहुधा कॅलेंडर वर्ष. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे एका ठिकाणचा फेब्रुवारी आणि दुसरीकडचा ऑगस्ट असं शेजारी ठेवू नका. २०२० आणि २०२१ ही वर्षं आधार म्हणून तर मुळीच घेऊ नका.

डिपार्चर बोर्डावरून मोजत असाल तर कोडशेअर वगळा. एकच विमान तीन-चार कंपन्यांच्या क्रमांकांनी बोर्डावर झळकतं आणि आकडा फुगतो. विमानांचा थेट माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडारसारख्या साइटवर उलटा त्रास: विमानाचा सिग्नल सरळ रेषेत जातो, म्हणून जवळ रिसीव्हर नसेल तर कमी उंचीवरची विमानं निसटतात, आणि लहान विमानतळांच्या आसपास रिसीव्हर कमीच असतात. वेळापत्रकातली उड्डाणं आणि प्रत्यक्ष झालेली उड्डाणंही वेगवेगळी मोजा. धुक्याच्या महिन्यांत यातली तफावत चांगलीच दिसते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रादेशिक विमानतळाच्या बाबतीत मी सर्वांत आधी बघतो तो आकडा म्हणजे सगळ्यात मोठ्या कंपनीचा वाटा. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनची नव्वद टक्क्यांहून अधिक उड्डाणं फ्लायबी या एकाच कंपनीची होती. मार्च २०२० मध्ये फ्लायबी बंद पडली आणि जवळपास अख्खं वेळापत्रक एका रात्रीत पुसलं गेलं. त्याच महिन्यात कोविडची टाळेबंदी आली, त्यामुळे त्या वर्षीच्या घसरणीत कंपनी किती आणि साथ किती, हे एकूण प्रवाशांच्या आकड्यावरून वेगळं काढणं अवघड. पण आधीच्या वर्षांचे एकूण आकडे बघून हा धोका कुणालाच दिसला नसता. कंपनीनिहाय फोड बघितली असती तर लगेच दिसला असता. तेव्हा दोन्ही विमानतळांसाठी एका सर्वसाधारण आठवड्यातल्या आसनांची कंपनीनिहाय आणि मार्गनिहाय यादी करा. उड्डाणं नव्हे, आसनं मोजा. एकाकडे चार कंपन्या आणि सहा मार्ग असतील, दुसऱ्याकडे एकच कंपनी आणि एकाच महानगराला दिवसातून पाच फेऱ्या, तर प्रवासी सारखे असूनही मी पहिल्यालाच वरचढ म्हणेन.