छोट्या ब्रँडची अत्तर-तेलं कोकणातल्या दमट हवेत अंगावर टिकतात का? स्प्रेसारखा वास येतो का?

टिकतात, पण स्प्रेसारखा दरवळ धरून बसू नका. तेलात अल्कोहोल नसतं, त्यामुळे वास उडून खोलीभर पसरत नाही, अंगालगत राहतो. शेजारी बसलेल्याला कळेल, एसटीतल्या मागच्या सीटला नाही. (आमच्या वेंगुर्ल्याच्या उकाड्यात हे उपकारच म्हणायचे.)

बाटलीला नाक लावून ठरवू नका. मी एक सुरंगीच्या फुलांचं म्हणून घेतलेलं तेल मनगटावर लावलं, तर पहिली दहा मिनिटं नुसता औषधी, कापरासारखा वास. फेकणारच होतो. अर्ध्या तासाने मात्र मधाळ, किंचित हळदीसारखं काहीतरी वर आलं आणि संध्याकाळी शर्टाच्या बाहीला शेवटी चंदनाचा वास उरला होता. हुबेहूब गजरा नव्हेच तो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात मिळणाऱ्या गजऱ्याची सर कुठल्याच बाटलीला नाही.

लिंबू-संत्र्याचे वास लवकर उडतात, चंदन, ऊद, वाळा रेंगाळतात. घामावर लावलं तर वास बिघडतो. आंघोळीनंतर, अंग कोरडं करून, एकच थेंब. कोरडी त्वचा असेल तर आधी बोटभर खोबरेल. मनगटं एकमेकांवर घासायची गरज नाही.

लिंबू किंवा बर्गामोट (लिंबू-संत्र्याच्या जातीचं एक फळ) असलेलं तेल लावून उन्हात जाऊ नका, कातडीवर काळे डाग पडू शकतात. आणि नवीन तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून खाज येत नाही असं काही नाही.